डब्यावर याक, कॅप्सूलमध्ये तांदूळ: मामांच्या "कीडा जडी"चा रिव्ह्यू

मामा उदगीरला असतात, झेडपीचे रिटायर्ड मास्तर, सकाळी चार किलोमीटर चालणार आणि उरलेला दिवस व्हॉट्सॲप. अँजिओप्लास्टी झाल्यापासून तर ग्रुपवर जे येईल ते आधी मागवायचं आणि मग मला फोन करायचा असं चाललंय. दिवाळीनंतर असाच फोन आला, "अगं तू त्यातलंच शिकलीस ना, कीडा जडी मागवलीय, हिमालयातली, एकदा येऊन बघून जा बरं खरी हाय का." म्हणलं मामा किती दिले. तर दोन हजार चारशे. मग काय बोलणार, रविवारी एसटी पकडली.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. नांदेडच्या विद्यापीठातून बायोटेकमध्ये एमएस्सी, बुरशी हाच स्पेशल विषय होता, आणि आता लातूरला नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवते. म्हणजे डॉक्टर नाही, वैद्य पण नाही. हा रिव्ह्यू डब्यात काय आहे त्याचा आहे, कोणता आजार बरा होतो याचा नाही.

पार्सलमध्ये तीन वस्तू. वाळवलेलं अख्खं कॉर्डिसेप्स (औषधी म्हणून विकतात ती बुरशी) १० ग्रॅम, ९०० रुपये. त्याच्याच ६० कॅप्सूल, ११०० रुपये. आणि रिशी नावाच्या मशरूमच्या वाळलेल्या चकत्या ५० ग्रॅम, ४०० रुपये. तिन्ही डब्यांवर बर्फाचे डोंगर, एक याक, आणि "शुद्ध हिमालयीन कीडा जडी". रिशीच्या डब्यावर सुद्धा तेच, बहुतेक स्टिकर एकदमच छापून घेतले. पण चष्मा लावून खाली बारीक अक्षरात बघितलं तर पत्ता लातूर जिल्ह्यातला, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचा! मामांना दाखवलं तर ते उलट खूश, म्हणे मग तर घरचाच माल झाला की.

मग पुढच्या रविवारी मी त्या युनिटवर पण जाऊन आले. नाव लिहीत नाही. चालवणारा पोरगा कष्टाळू आहे, बीएस्सी ॲग्री, बाप सोयाबीन आणि तूर करतो, आणि डब्याचं डिझाईन कुणी तरी मार्केटिंगवाल्याने करून दिलंय.

आता अख्खं कॉर्डिसेप्स घ्या. डबा उघडला की केशरी काड्या, शेवयांपेक्षा जाड, टोकाला थोड्या फुगीर, वास वाळलेल्या मशरूमचा आणि थोडा गोडसर. हे बघितल्या बघितल्या कळतं की ही कीडा जडी नव्हे. खरी कीडा जडी म्हणजे ओफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस, उत्तराखंडात पिथौरागड, चमोलीकडे तीन साडेतीन हजार मीटरच्या वर गवताळ कुरणात मिळते, जमिनीतल्या एका पतंगाच्या अळीला बुरशी लागते, अळी मरते आणि तिच्या डोक्यातून काळपट तपकिरी दांडा वर येतो. ती अळीसकट विकतात, म्हणून तर कीडा जडी. आपल्या डब्यात आहे कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस, तिचा दूरचा भाऊबंद, आणि हा बरणीत ब्राऊन राईसवर वाढवलाय. केशरी रंग कॅरोटिनॉइडचा, गाजरात असतं त्या कुळातलं द्रव्य, आणि तो रंग नीट यायला उजेड लागतो, म्हणून खोलीत दिवसाचे दहा-बारा तास एलईडी चालू. अंधारात ठेवलं तर फिक्कट राहतं. मामांच्या डब्यातला रंग मस्त होता, म्हणजे उजेड नीट मिळालाय, एवढं मी तिथंच मान्य करून टाकलं.

मामा म्हणाले म्हणजे फसवलं की! मी म्हणलं फसवलं, पण तुमच्या फायद्यात फसवलं. यातच सगळी गंमत आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

कॉर्डिसेप्सचं ज्या द्रव्यामुळे नाव आहे ते कॉर्डिसेपिन. ते पहिल्यांदा १९५० च्या सुमारास वेगळं काढलं, आणि तेही मिलिटॅरिसमधूनच, कीडा जडीतून नाही. दिसायला ते अगदी आपल्या शरीरातल्या अडेनोसिनसारखं, म्हणजे आरएनए ज्यांपासून बनतो त्यातल्या एका घटकासारखं, फक्त एका ठिकाणचा एक ऑक्सिजन गायब. एवढ्यानं काय होतं म्हणाल तर पेशी आरएनएची (जीनमधल्या माहितीच्या नकलेची) साखळी जोडत असते, एकाला एक, मालगाडीच्या डब्यासारखी, आणि त्यात चुकून कॉर्डिसेपिनचा डबा लागला की त्याला मागचा हुकच नाही, गाडी तिथंच खुंटते. (लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना असल्यामुळे माझ्या क्लासमध्ये हे उदाहरण लगेच कळतं.) म्हणून संशोधकांना त्यात इंटरेस्ट, कारण भराभर वाढणाऱ्या पेशींना असा अडथळा घातला तर काय होतं ते बघायचंय. पण ते बहुतेक काम काचेच्या भांड्यात आणि उंदरांवर आहे, माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे, हे डब्यावर कुणीच लिहीत नाही.

आता हे द्रव्य बुरशी बनवते कसं. २०११ मध्ये मिलिटॅरिसचा अख्खा जीनोम, म्हणजे तिची सगळी आनुवंशिक माहिती, वाचून झाला, साधारण तीन कोटी वीस लाख अक्षरं. आणि मग २०१७ ला शांघायच्या चेंगशू वांग यांच्या टीमने दाखवलं की कॉर्डिसेपिनचं काम चार जीन्स करतात आणि ते चारही एका ओळीत शेजारी शेजारी बसलेत, चार भावांची शेतं एकाच बांधाला लागून असावीत तशी. नावं सीएनएस १ ते सीएनएस ४. अडेनोसिन उचलून त्याला फॉस्फेट चिकटवायचं काम तिसऱ्याचं, मग दुसरा आणि पहिला मिळून त्याचं कॉर्डिसेपिन करतात. पण तिसरा डबल ड्युटी करतो. त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागातून आणखी एक द्रव्य तयार होतं, पेंटोस्टॅटिन. हे कशाला, तर पेशीत एक एन्झाइम असतं जे कॉर्डिसेपिन दिसलं की त्याची मोडतोड करतं, आणि पेंटोस्टॅटिन त्या एन्झाइमला दाबून धरतं. म्हणजे माल पिकवायचा आणि राखणदार पण स्वतःच उभा करायचा. ज्वारीच्या शेतात माळ्यावर गोफण घेऊन बसलेला माणूस आठवा. आणि चौथा जीन काय करतो, तर राखणदारांची गर्दी जास्त झाली की त्यांना पेशीच्या बाहेर काढतो, कारण पेंटोस्टॅटिन जास्त झालं तर बुरशीलाच त्रास.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच दोन मिनिटं गप्प बसले होते. एवढीशी बुरशी आणि हिशोब बघा.

आणि आता मामांच्या डब्याकडे या. कीडा जडीच्या जीनोममध्ये ही चौकडी सापडलेली नाही. म्हणजे ज्या कॉर्डिसेपिनच्या नावावर सगळी जाहिरात चालते ते बनवायची सोयच त्या लाखो रुपये किलोच्या हिमालयीन मालात दिसत नाही, आणि बरणीतल्या भातावर वाढलेल्या या केशरी काड्यांत ती आहे. कीडा जडीत दुसरं काही असेल, तो वेगळा विषय. पण या पोराकडे चांगलं नाणं असताना त्यानं डब्यावर याक छापला. मी त्याला तिथं विचारलं पण, अरे तू सरळ कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस, लातूर जिल्हा असं का लिहीत नाहीस. तो म्हणतो, "ताई, लातूर लिहिलं तर लोक म्हणतात तुमच्याकडं प्यायला पाणी नाही, मशरूम कुठून आलं." यावर मला हसू पण आलं आणि राग पण आला. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लोक विसरायला तयार नाहीत.

खोली बघितली. दहा बाय बाराची, पत्र्याच्या शेडमध्ये पफ पॅनल ठोकून केलेली, आत रॅक, रॅकवर काचेच्या बरण्या ओळीनं, एसी १९ वर. मिलिटॅरिसला १८ ते २२ डिग्री लागतं आणि बाहेर आमच्याकडं मे महिन्यात ४२, म्हणजे कमाईतला मोठा वाटा लाईट बिलात. लाईट गेली की इन्व्हर्टरवर नुसते पंखे आणि एलईडी चालतात, एसी नाही, मग तो पोरगा खोलीचं दारच उघडत नाही, आम्ही गेलो तेव्हा पण चप्पल काढा, पाय धुवा, हाताला स्पिरिट लावा, पटकन आत या पटकन बाहेर. स्वच्छतेला पैकीच्या पैकी. बरणीवर तारीख, बॅच नंबर, सगळं वहीत टिपलेलं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एवढं नव्हतं.

पण एका रॅकवर चाळीसेक बरण्या नुसत्या पांढऱ्या. केशरी काड्याच नाहीत, भातावर कापसासारखा थर फक्त. म्हणलं हे काय. तर चेहरा पडला त्याचा. कल्चरची, म्हणजे जिवंत बुरशी वाढवलेली, नळी एकदा बाहेरून मागवली आणि मग त्यातूनच पुढं, त्याच्यातून अजून पुढं असं सात आठ वेळा काढत गेला, पैसे वाचवायला. मिलिटॅरिस इथं फार लहरी आहे. सारखं त्याच त्याच कल्चरमधून पुढं नेलं की जात उतरते, काड्या येणं कमी होतं, रंग जातो, कॉर्डिसेपिन पण घसरतं. एक कारण असं की या बुरशीत दोन मेटिंग टाइप (नर-मादीसारखे दोन प्रकार) असतात, दोन्ही असले तर फळ नीट धरतं, आणि पुढं नेता नेता त्यातला एक कधी मागं पडला ते डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या बापाला मात्र हे माझ्या आधी कळलं होतं. ओसरीवर बसून म्हणाले, "मी सांगितलं होतं याला, घरचं सोयाबीन तीन वर्षं वापरलं की उगवण बघूनच पेरावं लागतं, हे बी बियाणंच हाय की." ट्रेनिंगवाल्यांनी दोन दिवसांचे हजारो रुपये घेऊन ही एक गोष्ट सांगितली नव्हती. त्यांनी सांगितलं किलोला लाख, दीड लाख. अशीच इमू पाळायची लाट आली आणि बुडाली, आठवतंय का कुणाला? आणि त्याच्या आधी सफेद मुसळी? आमच्या गावात अजून इमूच्या जाळीचं कंपाऊंड आहे, त्यात आता शेळ्या बांधतात.

तर म्हणून विकत घेणाऱ्यानं विचारायचं ते हे, कल्चर कुठलं, कितव्या पिढीचं, आणि कॉर्डिसेपिनचा एचपीएलसी रिपोर्ट (द्रव्य किती आहे ते मोजणारी लॅबची चाचणी) याच बॅचचा आहे का. जीन असून भागत नाही, तो चालू पण असावा लागतो, आणि तो उजेड, खाद्य, तापमान, कल्चरचं वय यावर कमी जास्त होतो. पोराकडे रिपोर्ट होता, प्रामाणिकपणे दाखवला, पण दोन वर्षांपूर्वीचा, पहिल्या बॅचचा. त्या रिपोर्टचा फोटो वेबसाईटवर आजही आहे. इथं एक स्टार कापला.

आता कॅप्सूल. इथं माझं भांडण आहे. वाळलेल्या काड्या ९०० ला दहा ग्रॅम, आणि कॅप्सूलमध्ये साठ गुणिले अर्धा ग्रॅम म्हणजे तीस ग्रॅम पावडर, तीही त्याच कॉर्डिसेप्सची, फक्त ११०० ला? गणित मास्तरांना म्हणजे मामांना पण बसेना. म्हणून मामांकडे येताना क्लासच्या लॅबमधलं आयोडीन एका छोट्या बाटलीत घेऊन आले, सातवीच्या पोरांना पण माहितीये हा प्रयोग, स्टार्च असेल तर निळं काळं होतं. तीन बशा मांडल्या मामींच्या ओट्यावर. एकीत काडी कुस्करून, दुसरीत कॅप्सूल फोडून, तिसरीत शिजलेला भात, कंपेअर करायला. काडीवर आयोडीन तपकिरीच राहिलं. भात निळाकाळा, अपेक्षेप्रमाणे. आणि कॅप्सूल? भाताच्या सख्ख्या बहिणीसारखी. मामी मागून म्हणाल्या, "म्हंजे अकराशे रुपयाचा भात खाल्ला होय यांनी."

पोराला फोन लावला तर लपवलं नाही त्यानं. काड्या तोडून झाल्या की बरणीत तांदळाचा लगदा उरतो, त्यात बुरशीचे धागे भरलेले असतात, तो वाळवून दळून कॅप्सूल भरतात, सगळेच करतात म्हणे. बरोबर आहे, त्यात धागे असतात आणि थोडं कॉर्डिसेपिन पण उतरलेलं असतं, टाकाऊ नाही ते. पण मग डब्यावर तसं लिहा, भातासकट मायसेलियम (म्हणजे तेच धागे), आणि भाव तसा लावा. "शंभर टक्के कॉर्डिसेप्स अर्क" हे लिहिणं म्हणजे पेंड विकून तेलाचे पैसे घेणं. शिवाय मामांना शुगर काठावर आहे, त्यांना कळायला नको का आत पिष्ट आहे ते. कॅप्सूलला पाचपैकी एक स्टार, तो पण टोपणं नीट बसलीत म्हणून.

रिशीच्या चकत्यांबद्दल थोडक्यात, कारण त्या तो स्वतः पिकवत नाही, बाहेरून आणून पॅक करतो, हे त्यानं आपण होऊन सांगितलं. रिशी म्हणजे गॅनोडर्मा, लाकडासारखं कडक, वरून व्हार्निश मारल्यासारखं चकचकीत. आपल्याकडे पण या कुळातली बुरशी बाभळीच्या बुडाशी येते, म्हातारी माणसं ओळखतात, पण कृपा करून ती तोडून काढा करू नका, कुळ एक असलं तरी जात तीच असेल असं नाही. याच्यात औषधी म्हणून ज्यांचं नाव घेतात ते गॅनोडेरिक ॲसिड्स, अशी शंभराच्या वर द्रव्यं आहेत, आणि ती कडू जहर असतात. त्यामुळे घरगुती परीक्षा सोपी, चकती उकळा आणि चव घ्या. हा काढा एवढा कडू झाला की मामांनी मला दोन दिवस फोन केला नाही. म्हणजे माल पास.

इथले जीन्स मात्र कॉर्डिसेप्ससारखे सुटसुटीत चौघं एका बांधावर नाहीत. २०१२ मध्ये याचा जीनोम आला, १६,११३ जीन्स मोजले. सुरुवातीची वाट आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल बनतं तीच, लॅनोस्टेरॉल नावाच्या स्टेशनपर्यंत, आणि मामा रोज रात्री ॲटोर्वास्टॅटिनची गोळी घेतात ती याच वाटेवरचं एक एन्झाइम अडवते, फरक इतकाच की मामांच्या लिव्हरमध्ये. लॅनोस्टेरॉलच्या पुढं बुरशी वेगळ्या फाट्याला लागते आणि तिथं पी४५० नावाच्या एन्झाइमांची फौज आहे, लॅनोस्टेरॉल बनवणाऱ्या जीनच्या सोबत चालू बंद होणारे असे ७८ जीन्स त्या वेळी सापडले. त्यातलं कोण नक्की कुठलं काम करतं हे एकेक करून शोधावं लागतं. २०१८ मध्ये एकाचं काम पक्कं झालं, तो जीन ब्रेडच्या यीस्टमध्ये घालून बघितला तर यीस्टनं एक गॅनोडेरिक ॲसिड करून दाखवलं. त्या जीनचं नाव सीवायपी५१५०एल८, पुढं एमएच २४ लावलं तर आरटीओ पण पास करेल. पुढंमागं हे सगळं यीस्टच्या टाकीतच बनेल, कॉर्डिसेपिनचं पण लोकांनी यीस्टमध्ये करून झालंय, मग एसी १९ वर ठेवून बसलेल्या या पोराचं काय होणार हा विचार येताना एसटीत माझ्या डोक्यात होता.

रिशीला चार स्टार. एक कापला कारण डब्यावर कुणी घ्यायचं नाही हे लिहिलेलं नाही. रिशीनं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो आणि मामांना स्टेंटनंतर त्याच गोळ्या चालू आहेत. कॉर्डिसेप्सबद्दल पण, तो राखणदार पेंटोस्टॅटिन आठवतोय ना, तो रक्ताच्या एका दुर्मिळ कॅन्सरवर हॉस्पिटलमध्ये सलाईनमधून देतात असं औषध आहे, म्हणजे हा काही धने-जिरे नाही की मुठीनं टाका भाजीत. मामांना सांगितलं, हार्टच्या डॉक्टरांना डबा दाखवल्याशिवाय एक काडी तोंडात घालायची नाही. डॉक्टरांनी रिशी पूर्ण बंद सांगितली, कॉर्डिसेप्स पण म्हणे सध्या घेऊ नका. रिशीच्या उरलेल्या चकत्या माझ्या क्लासमध्ये पोरांना दाखवायला ठेवल्यात, काड्या पण.

सर्व्हिसचं सांगायचं तर डिलिव्हरी तीन दिवसांत, पॅकिंग मजबूत, सिलिकाची पुडी आत, काड्या एक पण तुटली नव्हती. कॅप्सूलचे पैसे मागितले तर कुरकुर न करता ११०० परत फोनवर टाकले त्यानं, वर सॉरी ताई लिहिलं. पांढऱ्या बरण्यांचं ऐकून मी परभणीच्या कृषी विद्यापीठात एकदा जाऊन विचार म्हणून सांगितलं होतं, तो गेला पण, आणि आता कल्चर दर तीन पिढ्यांनी नवीन घेतोय असं म्हणतो.

मागच्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीला हवं होतं म्हणून परत १० ग्रॅम काड्या मागवल्या. रंग आधीपेक्षा गडद, बॅचचा रिपोर्ट सोबत जोडलेला, कॅप्सूलच्या यादीत आता "तांदळावरील मायसेलियम" लिहिलंय आणि भाव ३५० केलाय. डब्यावर याक अजून तसाच. म्हणतो ताई, दोन हजार स्टिकर छापलेत, ते संपू द्या.